काटेकरीणबाईंची शिंक

“थांबा, थांबा! रेवतीताई, ही शिंक नाही झाली. झुरळ दिसल्यासारखं झालं हे.”

डबिंगचे दिग्दर्शक घैसास असं म्हणाले तेव्हा रेवती निंबकरांची ती बाविसावी शिंक होती. अंधेरीच्या त्या स्टुडिओत एसी इतका गार होता की कोपऱ्यात बसलेल्या आम्हा गर्दीवाल्यांना खऱ्या शिंका येत होत्या. त्या आम्ही रुमालात दाबत होतो, कारण शिंकायचा मान रेवतीताईंचा होता.

सिनेमा परदेशी होता, कार्टूनचा. साळिंदरांचं एक कुटुंब, आई, बाप, दोन पोरं आणि खवट आजोबा, सगळे मिळून कराटे शिकतात आणि जंगलातल्या लांडग्यांना बदडून काढतात. कुणी कुणाला मायेनं मिठी मारायला गेलं की दोघंही किंचाळतात, अर्धा विनोद एवढाच. मराठीत या मंडळींचं आडनाव काटेकर ठेवलं होतं. थेटरात वगैरे हा सिनेमा येणार नव्हता, थेट डीव्हीडीवर निघणार होता आणि दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी लागणार होता.

आई साळिंदर, म्हणजे आमच्या काटेकरीणबाई, यांचा हुकमी डाव म्हणजे शिंक. त्या शिंकल्या की पाठीवरचे सगळे काटे एकदम सुटायचे आणि समोरच्या लांडग्यांची चाळणी व्हायची. अख्ख्या सिनेमात त्या तीनदाच शिंकतात, पण तिसऱ्या शिंकेला सिनेमा संपतो. म्हणजे शिंक पडली की सिनेमाही पडला.

आणि रेवतीताईंना शिंक येत नव्हती. वीस वर्षं त्या रंगभूमीवर रडण्यासाठी गाजलेल्या. त्या रडायला लागल्या की पहिल्या तीन रांगा नाक पुसायच्या. पण स्वतःच्या नाकाची पाळी आली तेव्हा त्या ओठांचा रंग सांभाळत, डोळे मिटून, “अच्छी” असं काहीतरी पुटपुटायच्या.

“घैसास, मी यात भावना आणू का?” त्यांनी विचारलं.

“भावना नको हो. शेंबूड आणा,” घैसास म्हणाले आणि जीभ चावली.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची. नाव कुंदा ताम्हाणे. काम गर्दीचं. गर्दी म्हणजे बाजारातला गलका, ‘पळा पळा’, लांडगा क्रमांक चार, पाळण्यातलं रडणारं पिल्लू. नऊ वर्षं मी हे करत होते आणि नऊ वर्षांत माझं नाव कुठल्याही पडद्यावर एकदाही उमटलं नव्हतं. आणि नावाच्या बाबतीत मी भलतीच हळवी. लग्नात तांदळावर नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी भरल्या मांडवात सांगितलं होतं, “कुंदाच राहणार. उद्या नाटकाच्या पाटीवर नाव लागेल, ते माझं लागू दे.” पाटी काही लागली नाही. नाव तेवढं राहिलं.

तेविसाव्या शिंकेनंतर मी उठले. “घैसास, मी बघू का एकदा?”

रेवतीताईंनी माझ्याकडे, हिशेबात तोंड घालणाऱ्या चहावाल्याकडे पाहावं तसं पाहिलं. घैसास मात्र टेकीला आले होते. मी काचेमागे गेले, हेडफोन चढवले. पडद्यावर काटेकरीणबाई मान वर करून नाक फेंदारत होत्या. मी आधी एक बारीक श्वास ओढला, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. मग थांबले. गेली वाटतं, असं समोरच्याला वाटावं इतकं थांबले. आणि मग जी सोडली, ती माइकची जाळी हलवून गेली. वर शेवटी, सगळं अंग मोकळं झाल्यासारखं, लांबवून म्हटलं, “गेली बाई!”

काचेपलीकडे ध्वनीवाला खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. घैसास आत धावत आले.

“अगं, कुठून आणलीस ही?”

“अशीच,” मी म्हणाले. “आतून आली.”

तिन्ही शिंका माझ्याच घेतल्या. ‘गेली बाई’ही ठेवलं. बाकीचे संवाद रेवतीताईंचे.

घरी येऊन मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आमचं घर ठाण्यात, उषःकाल सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. ऐकायला यजमान आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी सोसायटी माई म्हणते. गुडघे गेलेले, बोलणं मोजकं, एक तपकिरीचं तेवढं व्यसन. त्यांच्या तपकिरीपायी आमच्या दोरीवर कायम सात-आठ रुमाल वाळत असत आणि त्यावरून मी धुसफुसत असे.

“मग नाव येणार तुझं?” माईंनी विचारलं.

“आता न येऊन सांगतात कुणाला!” मी म्हणाले.

आणि तशी वेळ आलीही. डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीचे दवेसाहेब होते. त्यांचं म्हणणं, नुसत्या सिनेमाला गिऱ्हाईक नाही, जोडीला जादा माल पाहिजे. म्हणून तबकडीवर ‘पडद्यामागची धमाल’, ‘गाळलेले प्रसंग’, ‘पाच मिनिटांत कराटे’, ‘काटे मोजा’ नावाचा खेळ, आणि वर काटेकर आजोबांच्या हातची एक पाककृती. सिनेमा ऐंशी मिनिटांचा, हा जादा माल दीड तासाचा. पानात भातापेक्षा लोणचं जास्त.

‘पडद्यामागची धमाल’ एका शनिवारी चित्रित होणार होती. मी हिरवी नारायणपेठी नेसून गेले. कॅमेऱ्यासमोर मला चार मिनिटं बसवलं. एका मुलीनं विचारलं, “ही शिंक तुम्हाला कशी सुचली?”

“निरीक्षण आणि रियाज,” मी म्हणाले. मग पुढे बरंच काही म्हणाले. श्वासाचं शास्त्र म्हणाले, नाभी म्हणाले. एकदा तर ‘माझ्यातली साळिंदर मला सापडली’ असंही म्हणाले. आज आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

मग रेवतीताई आल्या. त्या माइकसमोर शिंकतायत असं एक दृश्य हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं, नाक फेंदारलं, सगळं केलं, आणि आवाज आला “अच्छी.” दवेसाहेब माझ्यापाशी आले, गोड हसले.

“कुंदाबेन, तुम्ही त्या जाड पडद्यामागे उभ्या राहा. रेवतीजी तोंड उघडतील, तुम्ही शिंका. दोन मिनिटांचं काम.”

“आणि माझं नाव?”

“नाव तर टाकणारच ना! वचन.”

मी पडद्यामागे उभी राहिले. धुळीनं माखलेला तो पडदा नाकाला लागत होता, त्यामुळे शिंक फक्कड झाली. बाहेर टाळ्या पडल्या, त्या रेवतीताईंना. आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हटलं, पण नाव येणार होतं, म्हणून गप्प बसले.

आमच्या सोसायटीत दर वर्षी सत्यनारायण असतो. पूजा, शिरा, मग मुलांसाठी काहीतरी. त्या वर्षी दिवाळीनंतर तो ठरला आणि सेक्रेटरी चौबळकाकांनी जाहीर केलं, “यंदा आपल्या कुंदावहिनींचा सिनेमा! आणि नंतर पडद्यामागची धमालसुद्धा. त्यात वहिनी स्वतः दिसणार आहेत.” हे त्यांना मीच सांगितलं होतं. दूधवाल्यालाही सांगितलं होतं, माझ्या धाकट्या जावेला तर नागपूरला फोन करून सांगितलं होतं. डीव्हीडी मी आधी घरी लावून पाहिली नाही. पहिल्यांदा पाहीन ती चारचौघांत, असं मनाशी धरलं होतं.

संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधली. चौबळकाकांच्या मुलानं ऑफिसातून प्रोजेक्टर आणला होता. सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्या. मी मुद्दाम मधोमध बसले. गुडघ्यांमुळे माईंना अगदी मागे, जिन्यापाशी आरामखुर्ची दिली होती. त्या सहसा खाली उतरत नसत. त्या दिवशी उतरल्या होत्या.

विसाव्या मिनिटाला लांडगे आले. काटेकरीणबाईंनी मान वर केली. एक श्वास, दुसरा, तिसरा. थांबल्या. पोरं सतरंजीवर पुढे सरकली. आणि मग ती शिंक फुटली. काटे सुटले, लांडगे आडवे झाले, “गेली बाई!”

असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. पोरं लोळली. आणि सगळीच्या सगळी मंडळी, मान वळवून, माझ्या दिशेनं बघायला लागली. मी पदर सावरला. नम्रपणे हसायचं, असं आधीच ठरवून ठेवलं होतं, तशी हसले.

मग माझ्या लक्षात आलं, की कुणीच माझ्याकडे बघत नाहीये. सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून मागे चालल्या होत्या. जिन्याकडे.

“माईआजीची शिंक!” पोरं ओरडली. “साळिंदरणीनं माईआजीची शिंक घेतली!”

“अहो माई,” चौबळकाका डोळे पुसत म्हणाले, “तुम्ही सिनेमात काम केलंत आणि आम्हाला पत्ता नाही? रोज दुपारी चारला तुमची ही शिंक ऐकून आमची ही चहा टाकते हो!”

मी हे इतका वेळ सांगितलं नाही, कारण तोपर्यंत मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बारा वर्षं रोज दुपारी चारला आतल्या खोलीत डबीचं झाकण वाजायचं, तीन श्वास चढायचे, मध्ये ती थांबण्याची जागा यायची, आणि मग घराच्या खिडक्या हलायच्या. “गेली बाई!” बारा वर्षं मी कपाळाला आठ्या घालून ते ऐकत होते. त्या दिवशी माइकसमोर जे आतून आलं म्हणून मी सांगितलं, ते मी जसंच्या तसं उचललं होतं. श्वासासकट, थांबण्यासकट. निरीक्षण खरं होतं. रियाज मात्र दुसऱ्याचा होता.

मी मागे वळून पाहिलं. माई हसत नव्हत्या. हातातल्या द्रोणातला शिरा तसाच धरून त्या पडद्याकडे बघत होत्या.

सिनेमा संपला आणि ‘पडद्यामागची धमाल’ सुरू झाली. तेव्हाच ती बंद करा म्हणून सांगायला हवं होतं, पण माझ्या मनातला नाग अजून फणा काढून बसला होता. रेवतीताई पडद्यावर आल्या, मागे फुलदाणी.

“ही शिंक सोपी नव्हती,” त्या म्हणाल्या. “तीन महिने मी त्यावर काम केलं. प्राणायाम केला. एका नाकाच्या डॉक्टरांना भेटले. आणि मग एके दिवशी ती अशी आतून आली.”

माझेच शब्द. माझ्या मुलाखतीतून उचलून बाईंच्या तोंडी घातले होते. नाभीही होती, सापडलेली साळिंदरही होती. मग त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि माझी शिंक, म्हणजे माईंची शिंक, त्यांच्या तोंडातून बाहेर पडली. त्यांच्या मागे तो जाड पडदा होता आणि पडद्याखाली दोन पाय दिसत होते. हिरव्या साडीची किनार, डाव्या पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी.

“वहिनी,” चौबळकाका अंधारात म्हणाले, “हे पाय तुमचे काय?”

शेवटी आभाराची नावं सरकू लागली. ड्रायव्हर होता, डबेवाला होता, दवेसाहेबांचा पुतण्या होता, ‘आणि जंगलातील समस्त साळिंदरे’ होती. मी नव्हते. चार मिनिटांच्या मुलाखतीतले चार सेकंदही नव्हते. दिवे लागले तेव्हा माईंची खुर्ची रिकामी होती. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या एकट्याच जिना चढून गेल्या होत्या.

रात्री मी यजमानांपुढे फणफणले. चोर आहेत, लुटारू आहेत, त्या बाईला लाज नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, “हे आईला ऐकू जातंय, माहीत आहे ना?”

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पोरं दाराशी यायची. “माईआजी, शिंका ना! काटे सोडा ना!” जिन्यात कुणी भेटलं की “काय काटेकरीणबाई!” माई नुसत्या मान हलवायच्या. टीव्हीवर एका कार्यक्रमात रेवतीताईंनी ‘गेली बाई’ म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी चारला आतून डबीचं झाकण वाजलं, श्वास चढले, आणि मग काहीतरी पदरात दाबल्यासारखं झालं. “अच्छी.” तेवढंच. माई रेवती निंबकरांसारख्या शिंकल्या. पुढच्या आठवड्यात झाकणही वाजेनासं झालं. दोरीवर एकही रुमाल नव्हता. समोरच्या चौबळकाकू म्हणाल्या, “अगं, हल्ली चहा टाकायचा विसरायला होतं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि अशात घैसासांचा फोन आला. दुसरा भाग येणार होता. “कुंदा, नऊ शिंका आहेत! शेवटची तर पाण्याखाली. रेवतीताईंचं रेकॉर्डिंग सोमवारी, तू शनिवारी येऊन शिंकून जा.”

“कळवते,” मी म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. माई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर डबी, बंद.

“माई, तुम्ही का हो थांबवलंत?”

“काय?”

“शिंकणं.”

“आता ती सगळ्यांचीच झाली की. मी शिंकले तर लोक म्हणतात, म्हातारी नक्कल करते.”

मी त्यांच्या पायाशी बसले. “माझं चुकलं माई. न विचारता घेतली मी.”

“विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं का मी?” त्या म्हणाल्या. “तुझं नाव आलं नाही म्हणून तू केवढी रडलीस. मी ऐकत होते आतून. माझं कुठं आलंय, असं एकदासुद्धा म्हणाली नाहीस.”

मी धीर करून म्हटलं, “दुसरा भाग निघतोय. या वेळी तुमचं नाव लावायला सांगते. सुमती गजानन ताम्हाणे.”

माई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं.

“सुमती इथली. ते नाव तांदळात लिहून दिलं मला, सोळाव्या वर्षी. शिंक पेणची आहे, माझ्या बाबांच्या डबीतली. मी चोरून चिमूट ओढायची आणि शिंकले की पकडली जायची. बाबा म्हणायचे, पोरीची शिंक खाडीपलीकडं ऐकू जाते. इथं आले, नाव बदललं, गाव बदललं, मोठ्यानं बोलायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. शिंक तेवढी कुणाला बदलता आली नाही. ती माझ्याबरोबर आली ती तशीच राहिली. म्हणून म्हणते, नाव लावायचं तर माहेरचं लाव. तिचं नाव सुमती नाही.”

“मग काय?”

“बारा वर्षं झाली तुला या घरात येऊन,” माई म्हणाल्या. “आज विचारतेस.”

आणि मला आमच्या लग्नाचा मांडव आठवला. कुंदाच राहणार म्हणून मी अडून बसले होते, भटजी हातात अंगठी घेऊन ताटकळले होते, सासरची मंडळी एकमेकांकडे बघत होती. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं होतं, “राहू द्या हो. तिचं तिला राहू द्या.” त्या माई होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, बाईंचे गुडघे दुखत असतील, लवकर उरकायचं असेल.

“सांगा ना,” मी म्हणाले.

“वेणू,” त्या म्हणाल्या. “वेणू दिघे.”

मी तिथूनच, त्यांच्यासमोर, घैसासांना फोन लावला. म्हटलं, शिंका देते, नऊच्या नऊ देते, पण सुरुवातीच्या नावांत, रेवतीताईंच्या खालोखाल, ‘शिंक : वेणू दिघे’ असं आलं पाहिजे. तेही आधी कागदावर लिहून.

“या कोण वेणू दिघे?” घैसास म्हणाले. “आणि अगं, शिंकेला कुणी नाव देतं का? रेवतीताई ऐकतील का हे? शहाणी हो. असल्या हट्टापायी पुढचं कामही जाईल.”

“जाऊ दे,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. ते काम गेलंच. त्या स्टुडिओनं मला परत कधी बोलावलं नाही. दुसऱ्या भागात रेवतीताई स्वतःच नऊ वेळा “अच्छी” करून शिंकल्या. तो भाग साफ आपटला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तो पहिल्यापेक्षा जास्त खपला. त्यातल्या जादा मालात बाई म्हणतात, की या वेळी शिंकेचा सूक्ष्म अभिनय केला आहे.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. मी फोन ठेवून तशीच बसून राहिले. माई खिडकीबाहेर बघत होत्या.

“गेलं का काम?” त्यांनी विचारलं.

“गेलं.”

“वेडी आहेस,” त्या म्हणाल्या, आणि मांडीवरच्या डबीचं झाकण उघडलं. चिमूट घेतली. एक श्वास चढला, दुसरा, तिसरा. थांबला. मी खिडकीचं दार घट्ट धरलं.

समोरच्या घरात चौबळकाकूंनी चहाचं आधण ठेवलं.